मोठेपणी पहिली पेटी घेताय? नागपूरच्या महाल भागातल्या ह्या दुकानाचा माझा अनुभव

नागपुरात पहिली पेटी म्हणजे हार्मोनियम घ्यायची असेल, घरात कोणी जाणकार नसेल आणि शिकायचं वय गेलं असं आजूबाजूचे लोक म्हणत असतील तर आधी ह्या दुकानात जा. पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का देतेय ते सविस्तर लिहितेय, कारण मी घ्यायच्या आधी खूप शोधलं तर सगळीकडे "छान दुकान, चांगली सर्व्हिस" एवढंच लिहिलेलं. अरे पण कोणती पेटी, किती पट्ट्यांची, घेताना काय बघायचं, नंतर बिघडली तर कोण दुरुस्त करणार, हे कोणीच सांगत नाही.

माझं वय 42, नोकरी करते, संगीताचं शिक्षण काहीच नव्हतं. आमचे मामाजी म्हणजे माझे सासरे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले, आमच्या लेआउटमधे रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि तिथे ते खंजिरी घेऊन भजनाला बसतात. तुकडोजी महाराज 1968 साली गेले तेव्हा मामाजी कॉलेजात होते, त्या दिवसांत मोझरीला, महाराजांच्या आश्रमाच्या गावी, जी गर्दी लोटली होती त्याबद्दल ते आजही सांगायला बसले की तासभर सांगतात. तर मंडळात जे काका पेटी वाजवायचे ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले, आणि नुसत्या खंजिरीवर भजन सुरू राहिलं तरी सूर धरायला कोणी नाही म्हणून सगळेच हळहळत होते. तेव्हा एकदा जेवताना मामाजी मला म्हणाले, "तू काऊन नाही शिकत? आवाज आहे, कान आहे, अजून काय पाह्यजे?" मी हसण्यावारी नेलं पण त्यांनी विषय सोडला नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच जवळच्या एका बाईंकडे क्लासची चौकशी करून आले. आणि ह्यांनी लगेच सांगून टाकलं की क्लासच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. आता एवढं झाल्यावर नाही कसं म्हणणार.

क्लासमधे बाईंची पेटी होती पण घरी रियाजाला स्वतःची पाहिजेच. आधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथल्या मुलानं पहिला प्रश्न विचारला, मुलीसाठी बघताय का? माझ्यासाठी म्हटल्यावर त्याचा उत्साहच संपला, पेटी काचेच्या आतून दाखवली आणि किंमत सांगून मोकळा झाला, हात लावून बघू का विचारलं तर घ्यायची असेल तर काढतो म्हणे. मग बाईंनीच ह्या दुकानाचं नाव सुचवलं.

आम्ही वासुदेव नगरकडे राहतो त्यामुळे ॲक्वा लाइन मेट्रोनं चितार ओळी स्टेशन, गाडी बदलायची गरज नाही. तिथून थोडं चालावं लागतं पण महालात कार नेऊन जागा शोधत फिरण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. मामाजी सोबत होते, लेक पण होती.

दुकान छोटं आहे, आत तीन-चार माणसं आली की दुकान भरलं. एका बाजूला तबले-डग्गे, वर ढोलक्या टांगलेल्या, आणि मागे दुकानवाल्या काकांची कामाची जागा, तिथे उघडलेल्या पेट्या. काकांनी आम्हाला आधी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "शिकणार कोण आहे?" मी म्हटलं मी. "अरे वा, मग ताई, गाता कोणत्या पट्टीत?" म्हणजे माझा सा कुठला. बस्स, तिथेच माझा ह्या माणसावर विश्वास बसला. पुढचा पाऊण तास ते फक्त माझ्याशी बोलत होते.

माझ्या एका नातेवाइकानं पक्कं सांगितलं होतं की घेतेस तर स्केल चेंजरच घे, नाहीतर नंतर पस्तावशील. मी पैशांची तयारी पण त्याच हिशोबानं करून गेले होते. काकांना सांगितलं तर त्यांनी स्केल चेंजर काढून समोर ठेवली, पट्ट्यांचा अख्खा संच डावी-उजवीकडे कसा सरकतो ते दाखवलं, आणि मग म्हणाले की ही वस्तू चांगलीच आहे, ज्यांना रोज वेगवेगळ्या गायकांना साथ करायची त्यांच्या कामाची आहे, पण तुम्हाला आत्ता गरज नाही. वजन जास्त, किंमत जवळपास दुप्पट, आत सरकणारे भाग जास्त म्हणजे हवा गळायच्या जागाही जास्त. आणि मुख्य म्हणजे पट्टी सरकवून काम भागत असलं की बोटं वेगवेगळ्या पट्टीत वाजवायला शिकतच नाहीत. मामाजींची पट्टी काळी एक आणि माझी काळी चार (सप्तकातली पहिली आणि चौथी काळी पट्टी), म्हणजे दोघांचा सा वेगळ्याच ठिकाणी. काका म्हणाले, दोन्हीकडून अलंकार म्हणजे सरावाच्या स्वररचना बसवा, सहा महिन्यात हात मोकळा होईल. जो माणूस दुप्पट किमतीची वस्तू सहज विकू शकत होता त्यानं असं सांगितलं हे मला फार मोठं वाटतं.

ह्याच कारणासाठी पट्ट्यांवर सा रे ग म चे स्टिकर लावू नका असंही त्यांनी सांगितलं. माझी लेक रंगीत स्टिकर घेऊनच आली होती बिचारी. काकांनी तिला जवळ बसवून दाखवलं की बघ बेटा, आजोबा गातील तेव्हा सा इथे, आई गाईल तेव्हा सा तिथे, मग स्टिकर कुठे कुठे लावशील? तिला ते इतकं पटलं की आता घरी पाहुणे आले की तीच समजावून सांगते.

शेवटी घेतली ती 39 पट्ट्यांची, सव्वातीन सप्तकांची, डबल रीडची साधी पेटी, सागवानी, 16,500 रुपये. रीड म्हणजे हवेनं थरथरून सूर काढणारी पितळी जीभ, आणि डबल म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक खर्जाचा म्हणजे खालचा आणि एक नराचा म्हणजे त्याच्या वरचा. काकांनी वरचं झाकण काढून आतले पितळी रीड दाखवले, पालिताण्याचे आहेत म्हणाले, गुजरातमधल्या त्या गावचे रीड पेटीच्या धंद्यात नावाजलेले आहेत. समोरच्या खुंट्यांपैकी कोणती ओढली की खर्जाची ओळ चालू होते, कोणती ओढली की नराची, आणि कोणती नुसता एकच सूर धरून ठेवते ते माझ्याच हातानं करून बघायला लावलं.

आता घेताना काय बघायचं ते लिहिते, हे काकांनीच शिकवलं आणि ही गोष्ट तुम्ही कुठल्याही दुकानात करू शकता. खर्ज आणि नराच्या खुंट्या ओढा (नुसता एक सूर धरणाऱ्या नको), एकही पट्टी दाबू नका आणि भाता हलवा. काहीच आवाज यायला नको आणि भात्याला हाताला जोर लागला पाहिजे, सहज आत जात असेल तर हवा कुठूनतरी पळतेय. मग भाता भरून एकच पट्टी दाबून धरा आणि सूर किती वेळ टिकतो ते बघा, दोन-तीन पेट्यांवर करून बघितलं की फरक आपोआप कळतो, त्याला कान तयार असायची गरज नाही. मग सगळ्या पट्ट्या एकेक करून, काळ्या पण, घाई न करता. सोडल्यावर पट्टी लगेच वर आली पाहिजे. सुराच्या आधी सुस्स असा हवेचा आवाज नको. आणि दोन्ही ओळी चालू ठेवून वाजवताना सूर स्थिर पाहिजे, लाटेसारखा थरथरत असेल तर त्या पट्टीचे दोन रीड एकमेकांशी जुळलेले नाहीत.

मी निवडलेल्या पेटीत वरच्या सप्तकात एका पट्टीचा सूर असाच थरथरत होता. ते मला कळलंच नव्हतं, मामाजींना कळलं, त्यांनी नुसता हात वर केला. काकांनी कुरकुर केली नाही, लगेच तो रीड बाहेर काढला, रीडच्या जिभेखाली पातळ पत्ती सरकवली आणि बारीक कानशीनं टोकाकडे अगदी हलकेच घासलं, लावला, ऐकला, परत काढला, परत घासला. म्हणाले टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि जास्त घासलं तर रीड वाया, म्हणून कानशीपेक्षा कान जास्त चालवायचा. मामाजी काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा म्हणाले, "आता बसला." काका पण म्हणाले, बसला. दोघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मग काकांनी मला वाजवायला सांगितलं. मला येत होते फक्त क्लासमधले अलंकार आणि भूप रागाचा आरोह-अवरोह, सा रे ग प ध सा. दुकानात एक कॉलेजचा मुलगा तबल्याला पुडी म्हणजे वरचं चामडं बसवून घ्यायला आला होता, मी वाजवायला लागले तर त्यानं समोरच्या डग्ग्या-तबल्यावर हळूच दादऱ्याचा ठेका धरला. धा धि ना, धा ति ना. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या ठेक्यावर वाजवत होते. थांबले तर तोच म्हणाला, "काकू चालू द्या ना, थांबल्या काऊन?" आणि आतून कारागीर बाहेर येऊन उभे राहिले. काका एवढंच म्हणाले, हात सैल ठेवा आणि भाता एकसारखा, सुराला धक्के देऊ नका. सोपं वाक्य आहे पण त्यानंतर माझ्या पेटीचा आवाजच बदलला.

ज्या नातेवाइकाला स्केल चेंजर हवी होती त्यांचंच दुसरं म्हणणं असं की पेटी काय शिकायची, तिच्यात मींड येत नाही, रेडिओवर पण बंदी होती. बंदी होती हे खरं आहे, आकाशवाणीनं 1940 मधे पेटी बंद केली आणि ती उठायला 1971 साल उजाडलं. सूर पक्के बांधलेले असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, हेही खरं. पण म्हणून ती कमी दर्जाची होते हे मला मान्य नाही. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे पेटी वाजवून गेले आणि 2016 मधे पेटीवादक तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली तिथे पेटीवाल्यानं मान खाली घालायचं काही कारण नाही. ही मूळची युरोपातली, पायानं भाता मारायची, खुर्चीत बसून वाजवायची. आपले लोक जमिनीवर मांडी घालून बसणारे, म्हणून 1875 च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी घडवली. आपल्या संगीताला एका वेळी एकच स्वर लागतो, एक हात पुरतो, म्हणून दुसरा हात भात्याला मोकळा. मला ही गोष्ट बाईंनी सांगितली आणि तेव्हापासून पेटी परकी वाटतच नाही. भजनात दहा माणसं गातायत आणि दहाही जणांना एका सुरावर आणायचं तर पेटीसारखं काही नाही.

काकांचा अजून एक सल्ला, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा. पेटी बेडरूममधे नको, कपाटावर तर अजिबात नको, हॉलमधे ठेवा, खाली सतरंजी कायमची अंथरलेली. जे काढायला पाच मिनिटं लागतात ते वाजवलं जात नाही म्हणाले. आम्ही तसंच केलं आणि खरंच घरातलं वातावरणच बदललं. मी ऑफिसमधून आले की चहाच्या आधी दहा मिनिटं बसते. हे पेपर वाचता वाचता कान देतात आणि कालच्यापेक्षा आज सरळ गेलं हं असं सांगतात, ह्यांना राग कळत नाही पण अडखळलेलं बरोबर कळतं. लेक आधी नुसती बघायची, मग भाता मारायला लागली, मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायचे आणि ती मागून हवा द्यायची, आणि आता तीच बाईंकडे यायला लागलीय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म आम्ही मायलेकींनी सोबतच भरला.

शेजारच्या काकूंची आणि आमची भिंत एकच. मला धास्ती होती की त्रास होईल म्हणून एकदा जाऊन विचारून आले. तर त्या म्हणाल्या, "त्रास कायचा बाप्पा, मी तं तू वाजवायला बसली की टीव्हीचा आवाज कमी करते." आता जिन्यात भेटल्या की कालचं ते काय होतं गं, फार गोड होतं, असं विचारतात. शिकणाऱ्या माणसाला अजून काय लागतं सांगा.

मंडळात मी पहिल्यांदा बसले तेव्हाचं पण सांगते कारण मोठेपणी शिकणाऱ्यांना ह्याचीच भीती असते, चारचौघांत कसं वाजवायचं. मामाजींनी सांगितलं, तू काही वाजवू नको, नुसता सा धरून ठेव. काळी एक, एक बोट, आणि भाता. पूर्ण प्रार्थना मी फक्त सा धरला. पुढे सा सोबत प. मग एक धृपद, म्हणजे भजनाची परत परत येणारी ओळ, बाकी अंतऱ्याला परत सा. खंजिरीचं भजन तुम्हाला माहितीये किती चढत जातं, मी सोबत असले की मंडळी लय थोडी ओढून धरायची, कोणी बोलून दाखवलं नाही पण मला ऐकू येत होतं. एक आजोबा तर माझी ओळ सुटली की मुद्दाम तीच ओळ परत घ्यायचे म्हणजे मला पकडता येईल. एवढं सांभाळून घेणारी माणसं असली की हात कापायचे थांबतात. आता चार भजनं पूर्ण साथ करते मी.

दुकानाची खरी परीक्षा विक्रीनंतर होते, तर तेही सांगते. मे महिन्यात आपल्याकडे काय असतं माहितीच आहे, बाहेर 45 आणि घरात दिवसभर कूलर. आमची पेटी कूलरच्या झोतात येत होती, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की खालीच बसून राहायची. घेऊन गेलो. काकांनी उघडून दाखवलं, ओलसर हवेनं लाकूड किंचित फुगलं आणि पट्टी शेजारच्या पट्टीला घासायला लागली. बारीक पॉलिश पेपरनं बाजू हलकी घासून दिली, बाकीच्या पट्ट्या तपासल्या, आतली धूळ काढली. वर्षभर दुरुस्तीचे पैसे घेत नाही म्हणाले आणि खरंच घेतले नाहीत. कूलरच्या समोर नको, उन्हाच्या खिडकीशी नको, पावसाळ्यात पट्ट्या जड वाटल्या तर घाबरू नका, वाजवून झालं की खुंट्या आत, भात्याची कडी लावा, वर झाकण टाका नाहीतर आतल्या कापडाला-चामड्याला झुरळं लागतात. आणि रोज थोडी तरी वाजवा, बंद पडलेली पेटी लवकर बिघडते.

आता खटकलेल्या गोष्टी. सोबत जे कव्हर देतात ते अगदीच साधं आहे, चेन लवकर गेली, पेटी दहा-बारा किलोची असते, तेवढं वजन ते पेलत नाही. मी नंतर जाड कॅनव्हासचं शिवून घेतलं. फोन उचलतील ह्याची खात्री नाही, कामात असले की उचलतच नाहीत. दुपारी काका जेवायला घरी जातात तेव्हा दुकानात जो मुलगा असतो तो सभ्य आहे पण पेटीचं त्याला फारसं सांगता येत नाही, त्यामुळे सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळीच जा. घरपोच देत नाहीत. बिल मागितलं तर देतात, पण मागावं लागतं. किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त वाटेल, घासाघीस फारशी चालत नाही, आम्हाला पाचशे कमी केले तेवढंच. पण ऑनलाइन घेतलेल्या पेटीचा थरथरणारा सूर कोण बसवून देणार, आमच्या ऑफिसातल्या एकीनं तशी मागवली आणि शेवटी दुरुस्तीला इथेच घेऊन आली.

जाताना एकटे जाऊ नका, घरातलं गाणारं कोणी असेल तर सोबत न्या, म्हणजे पट्टी तिथेच ठरेल. आणि पहिली पेटी आहे हे सरळ सांगा. आमच्या शेजारच्या काकू आता नातवासाठी घ्यायची म्हणतायत, दिवाळीआधी मला सूर तपासायला पेटी न्यायचीच आहे तर त्यांना पण घेऊन जाणार आहे. काका नवरात्रात खूप बिझी असतात, तेवढे दिवस सोडून जा.